मास्तरांचं नवं दार

जादा किल्ली कुठं ठेवायची, हा प्रश्न त्या चार मजली इमारतीत कुणाला कधी पडलाच नव्हता. ताईकडे ठेवायची. आणखी कुठं? ताईचं घर तळमजल्यावर, जिन्याला लागून. खिडकीशी शिलाईचं मशीन आणि मशीनशी दिवसभर ताई. कुणाची पँट आखूड कर, कुणाच्या पडद्यांना दुमड घाल, कुणाच्या जाकिटाची चेन बदल, असं तिचं चालायचं, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण तिच्या डोळ्यांखालून जायचा. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. बाई घर सोडून जाणार कुठं? म्हणून सगळ्यांच्या जादा किल्ल्या तिच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर, खिळ्यांना टांगलेल्या. शाळेतून लवकर सुटलेलं पोर, किल्ली आत विसरून दार ओढून घेतलेला नवरा, गावाला गेलेल्यांच्या कुंड्यांना पाणी घालणारी शेजारीण, सगळे तिच्या दारात हात पुढे करून उभे. मी काय तुमची वॉचमन आहे का, असं ताई वरवर करवादायची. पण त्या फळीचा तिला अभिमान होता, आणि का नसावा? अख्ख्या इमारतीनं आपले संसार जिच्या खिळ्यांना टांगलेत, तिनं थोडी मान ताठ ठेवली तर कुणाचं काय जातं?

मग चोऱ्या सुरू झाल्या.

पहिली झाली दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे, भरदिवसा. त्या दवाखान्यात, नवरा ऑफिसात. संध्याकाळी येऊन पाहतात तो दार नीट लावलेलं, कुलूप शाबूत, घरात काडी इकडची तिकडे नाही. फक्त कपाटातला दागिन्यांचा डबा रिकामा. त्यात त्यांच्या आईचा हार होता. बाई काही रडणाऱ्यातल्या नव्हेत, पण पुढं कितीतरी दिवस त्या जिना चढताना कुणाशी बोलत नव्हत्या. नंतर दुसऱ्या मजल्यावर नवराबायको दोघं नोकरी करणारं जोडपं होतं, त्यांच्याकडे अगदी तसंच झालं. दार नीट, कुलूप नीट, लॅपटॉप आणि घड्याळं गायब.

लोकांची झोप उडाली. पोरांना खाली एकटं खेळायला सोडणं बंद झालं. पार्सल घेऊन येणाऱ्या माणसाला गेटवर उभं करून त्याची सात पिढ्यांची चौकशी व्हायला लागली. इमारतीचे सेक्रेटरी म्हणजे उंटावरचे शहाणे, त्यांना कुणीतरी दोषी हवाच होता. त्यांनी गेटवरच्या म्हाताऱ्या राखणदाराला कामावरून काढून टाकलं. झोपा काढतो म्हणे. म्हातारा ताईच्या खिडकीशी येऊन एवढंच म्हणाला, की ताई, मी डोळा मिटला नव्हता हो. आणि डबा हातात घेऊन निघून गेला. चोर सोडून संन्याशाला फाशी!

मग पोलिस इन्स्पेक्टर आले. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून सभा भरली. इन्स्पेक्टर शांत माणूस, आवाज न चढवता बोलणारा. त्यांनी छापील आकडे आणले होते. मागच्या वर्षीपेक्षा घरफोड्या जरा वाढल्यात हे त्यांनी मान्य केलं, पण सगळ्या शहराच्या मानानं तुमचा भाग सुरक्षितांतच मोडतो, घाबरून जाऊ नका, असं समजावून सांगितलं. डॉक्टरीणबाई उठल्या.

"साहेब, तुमच्या कागदावर चोरी थोडीशीच आहे. माझ्या कपाटात ती शंभर टक्के झालीय."

लोक हसले, इन्स्पेक्टरही हसले. मग जाता जाता, सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, की कुलूप न तोडता माणूस आत गेला म्हणजे किल्ली असणार. तुम्ही जादा किल्ल्या ठेवता कुठं?

सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळल्या. ताई शेवटच्या रांगेत बसली होती. जमिनीनं पोटात घ्यावं तर बरं, असं तिला झालं.

इन्स्पेक्टरांनी येऊन फळी पाहिली. घरात कोण कोण असतं ते विचारलं. ताई म्हणाली, मी आणि माझा धाकटा भाऊ. हा धाकटा म्हणजे नावालाच भाऊ. आई गेली तेव्हा तो पाळण्यातून नुकता उतरलेला, त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून सगळं ताईनंच केलेलं. ती त्याला धाकट्या म्हणायची, मग सगळी इमारतच धाकट्या म्हणायला लागली. कपाटांच्या कारखान्यात रंगकाम करायचा. कारखाना बंद पडला आणि तो बहिणीकडे राहायला आला, तेव्हापासून काम शोधत होता. पोरगं लाघवी. कुणाच्या पिशव्या वर नेऊन दे, कुणाची सायकल दुरुस्त कर, नाही म्हणणं माहीत नाही. इन्स्पेक्टरांनी त्याच्याशीही चार शब्द बोलून घेतले आणि चहा पिऊन ते गेले.

दुसऱ्या दिवसापासून किल्ल्या परत जायला लागल्या.

संशय म्हणून एकानंही तोंडावर सांगितलं नाही. तसं सांगितलं असतं तर परवडलं असतं, निदान भांडता तरी आलं असतं! कुणाकडे पाहुणे येणार होते म्हणून जादा किल्ली हवी होती. कुणी कुलूपच बदलत होतं, तेव्हा जुनी किल्ली ठेवून काय करायचं? कुणी नुसतंच पोराला पाठवलं. बोलणं सगळ्यांचं मधासारखं आणि नजर मात्र ताईच्या खांद्यावरून आत, घरात काय काय आहे ते बघणारी. सगळ्यात जीवावर आलं ते मास्तरांचं. मास्तर तिसऱ्या मजल्यावर एकटे राहायचे. जन्मभर गणित शिकवलेलं, बायको गेलेली, मुलगा परदेशात. ते स्वतः खाली आले, कठड्याला धरून धरून.

"ताई, माझा विश्वास आहे हो तुमच्यावर. पण पोरगं ऐकत नाही. तिकडं बसून इथले गुन्ह्यांचे आकडे काढतं आणि रोज फोनवर मला वाचून दाखवतं. आता लोखंडी दार मागवलंय त्यानं."

ताई म्हणाली, चांगलं केलं, एकट्या माणसानं जपलेलंच बरं. आणि त्यांची किल्ली त्यांच्या हातात ठेवली. मास्तर जिना चढून जाईपर्यंत ती हसऱ्या चेहऱ्यानं दारात उभी राहिली. मग आत जाऊन पदर तोंडात कोंबून रडली.

त्या दिवसांत इमारतीत ड्रिलची घरघर थांबत नव्हती. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, ते हेच. कुणी आतून साखळी लावली, कुणी दाराला भिंग बसवलं, सगळ्यांनी खिडक्यांना जाड जाळ्या ठोकल्या. मास्तरांचं दार तर तिजोरीला लाजवेल असं. ओढलं की आपोआप बंद होणार, आणि किल्लीवाचून बाहेरून उघडायचं नाव नाही. दार बसवणाऱ्यानं छाती ठोकून सांगितलं, की चोर काय, चोराचा बाप आला तरी आत शिरणार नाही.

आणि एवढं सगळं झाल्यावर चोरी झाली ती खुद्द सेक्रेटरींच्या घरी! नवं कुलूप, नवी किल्ली, तीही त्यांच्याच खिशात. तरी कपाट साफ.

ताईसाठी ही सुंठीवाचून खोकला गेल्यातली गत झाली. तिच्या फळीवर तेव्हा एकही परकी किल्ली नव्हती, मग तिचा काय संबंध? दोन दिवसांत सगळ्या इमारतीला पश्चात्तापाचा उमाळा आला. सेक्रेटरी स्वतः केक घेऊन आले आणि चुकलं आमचं म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी आत येऊन ताईचा हात धरला, मी तुमच्याकडे तसं पाहायला नको होतं, असं सरळ बोलून टाकलं. किल्ल्या परत यायला लागल्या. मास्तर पुन्हा कठडा धरून खाली आले, कोटाच्या खिशातून किल्ली काढून त्यांनी आपल्या हातानं खिळ्याला अडकवली आणि म्हणाले, आता मला शांत झोप लागेल. ताईला वाटलं, चला, सुटलो. गेलेली अब्रू परत येत नाही म्हणतात, आपली आली.

हे सुख तिला किती लाभलं? धड आठवडाभरसुद्धा नाही.

एक गिऱ्हाईक कोट न्यायला आलं होतं. कोट ताईच्या कपाटात, आणि कपाटाचं कुलूप अडकून बसलेलं. किल्ली आत जाईना. बाई घाईत, लग्नाला जायचं म्हणून दारात पाय आपटतेय. धाकट्या चहा पीत बसला होता, तो थांब म्हणाला, उठला, ताईच्या डब्यातला टोच्या घेतला, केसांतली एक पिन मागून घेतली आणि कपाटाशी वाकला. बशीतला चहा निवायला जेवढा वेळ लागतो तेवढाही लागला नाही. कुलूप उघडलं. गिऱ्हाईक खूश होऊन कोट घेऊन गेलं.

ताई मशीनवर हात ठेवून तशीच उभी राहिली. रंग लावणाऱ्या माणसाच्या बोटांना हे कसं येतं? तिनं विचारलं, कुठं शिकलास. तो म्हणाला, असंच. आणि त्याचे कान लाल झाले. लहानपणापासून हे असंच. तोंडानं कितीही सफाईनं खोटं बोलो, कान चुगली करायचे, आणि ते फक्त ताईला ठाऊक होतं.

आधी तो कबूल होईना. मग चिडला. मग खाली मान घालून सगळं बोलला. कारखान्यातला एक दोस्त कुलपं बसवायचा, त्यानं गंमत म्हणून शिकवलं होतं. काम मिळेना, बहिणीच्या जिवावर किती दिवस खायचं, म्हणून एकदा केलं. एकदा जमलं म्हणून दुसऱ्यांदा. माल विकून टाकला. आणि मग त्यानं वर पाहिलं, आणि जणू काही शाबासकी मिळावी अशा आवाजात म्हणाला, "पण ताई, तुझ्या फळीला मी बोटसुद्धा लावलं नाही. तुझ्यावर आळ येऊ नये म्हणून."

ताईनं त्याच्या थोबाडीत मारली. जन्मात पहिल्यांदा.

सांगायचं कुणाला आणि कसं? आपलेच दात, आपलेच ओठ. आत्ता कुठं लोक पुन्हा तिच्या दारात हसत यायला लागले होते. सांगितलं तर भाऊ तुरुंगात, आणि चोर पोसणारी बाई म्हणून आपल्या नावाला काळिमा तो वेगळाच. नाही सांगितलं तर? रोज कुणीतरी खिडकीतून विचारायचं, काय ताई, कसं चाललंय, आणि तिला घास गिळताना तो म्हातारा राखणदार आठवायचा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली. शिवण उसवून पुन्हा पुन्हा तेच शिवत बसायची, सुई बोटात घुसायची, तरी लक्ष नसायचं.

शेवटी तिनं मधला मार्ग काढला. भित्र्या माणसाला मधला मार्ग बरोब्बर सापडतो. धाकट्यानं इथून निघून जायचं. दुसऱ्या शहरात त्यांच्या मामेभावाचं गॅरेज होतं, तिथं राहायचं, मिळेल ते काम करायचं, आणि या इमारतीची पायरी पुन्हा चढायची नाही. चोऱ्या आपोआप थांबतील. लोक विसरतील. आकडे पुन्हा खाली येतील आणि इन्स्पेक्टर म्हणतील, पाहा, आम्ही म्हटलं नव्हतं? धाकट्या कबूल झाला. दुपारच्या गाडीचं तिकीट काढलं.

त्या दुपारी तो बूट घालून खुर्चीवर बसला होता, बॅग पायाशी. ताईनं पोळीभाजीचा डबा भरून दिला. तिला त्याच्याकडे बघवत नव्हतं आणि न बघताही राहवत नव्हतं. पोचल्यावर फोन कर, एवढं ती तिसऱ्यांदा सांगत होती, तेवढ्यात वरून काहीतरी आपटल्याचा आवाज आला. मग जिन्यात पळापळ, आणि कुणीतरी ताईच्या नावानं हाक मारायला लागलं. मास्तरांची किल्ली आणा!

ताईनं फळीवरून किल्ली ओढली आणि धावली. जिन्यातून पाण्याचा ओघळ खाली येत होता. तिसऱ्या मजल्यावर पोचली तेव्हा मास्तरांच्या दाराखालून पाणी वाहत होतं आणि चारपाच माणसं दारावर थापा मारत होती. सेक्रेटरी होते. डॉक्टरीणबाई होत्या, त्यांचा दवाखाना त्या दिवशी बंद असायचा. त्या जमिनीवर पालथ्या पडून दाराच्या फटीशी तोंड नेऊन बोलत होत्या. आतून मास्तरांचा आवाज येत होता, अगदी बारीक. न्हाणीघरात घसरले होते. दारापर्यंत सरपटत आले होते, पण हात वर जात नव्हता. डोक्यातून रक्त येतंय म्हणाले. नळ चालूच राहिला होता.

ताईनं किल्ली लावली. किल्ली आत जाईना. उलटी करून पाहिली, पुसून पाहिली. आत जाईना.

मग तिच्या लक्षात आलं. ही जुन्या दाराची किल्ली होती. मास्तरांनी कोटाच्या खिशातून काढून खिळ्याला अडकवली ती सवयीची, जन्मभराची किल्ली. जे दार आता त्या घराला नव्हतंच, त्याची. नव्याची एक त्यांच्यापाशी, घरात, आणि दुसरी परदेशात मुलाकडे.

सेक्रेटरींनी हातोडा आणला. लोखंडावर घण मारावा तसा ठणठणाट झाला, पण दाराला पोचासुद्धा आला नाही. खिडक्यांना बोटभर जाडीच्या जाळ्या. अग्निशमनवाल्यांना फोन केला, ते निघाले होते, पण पुलावर अपघात होऊन रस्ता तुंबलेला, कधी पोचू सांगता येत नाही म्हणाले. किल्लीवाल्याचं दुकान बंद, फोन उचलत नव्हता. कुणी म्हणालं गॅसकटर आणा, कुणी म्हणालं भिंत फोडा. सगळे एकदम बोलत होते आणि कुणालाच काही सुचत नव्हतं. चोर आत येऊ नये म्हणून केलेलं दार आपलं काम चोख बजावत होतं.

डॉक्टरीणबाई फटीशी तोंड लावून बोलतच होत्या. मास्तर, टॉवेल हाताशी आहे का, तो डोक्याला दाबून धरा. मास्तर, बोलत राहा, झोपू नका. मला पाढे म्हणून दाखवा. आतून मास्तर सतराचा पाढा म्हणायला लागले. सतरा सखं... आणि थांबले. बाईंनी पुढचा आकडा विचारला. उत्तर आलं नाही. पुन्हा विचारला, तेव्हा नुसतं कण्हणं ऐकू आलं. बाईंनी मान वर करून सगळ्यांकडे पाहिलं. वेळ फार नाही, एवढंच त्या म्हणाल्या.

ताईच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. खाली, माझ्या घरात, बूट घालून बसलेला एक माणूस हे दार उघडू शकतो.

आधी तिनं सगळ्यांना तिथून हलवायचा प्रयत्न केला. हो, केला, कशाला लपवा! म्हणाली, तुम्ही सगळे खाली रस्त्यावर जाऊन उभे राहा, गाडीला वाट दाखवायला नको का? दोघंतिघं गेले. सेक्रेटरी जागचे हलले नाहीत, आणि डॉक्टरीणबाई तर फट सोडायला तयारच नव्हत्या. ज्या बाईच्या आईचा हार गेला, तीच नेमकी दाराशी बसलेली.

ताई खाली आली. धाकट्या उंबऱ्यात उभा होता, बॅग खांद्याला. त्यानं सगळं ऐकलं होतं, त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तो काही विचारणार, तोच ती म्हणाली, "वर चल."

"ताई, तिथं सगळे आहेत."

"माहीत आहे."

"मी उघडलं तर..."

"माहीत आहे म्हटलं ना."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, तू म्हणशील तसं. लहानपणी औषध प्यायला सांगितलं की असाच म्हणायचा. तिला वाटलं, नको म्हणावं, जा म्हणावं, गाडी चुकेल तुझी. काय झालं असतं? मास्तर म्हातारे, आज ना उद्या जायचेच. हा विचार तिच्या मनात आला, खराच आला, आणि त्याची तिला अशी शिसारी आली की तिनं त्याच्या खांद्यावरची बॅग ओढून खाली टाकली आणि टोच्या त्याच्या हातात दिला. त्यानंच बॅगेच्या कप्प्यातून दोन बारीक वाकवलेल्या पट्ट्या काढल्या. म्हणजे त्या बरोबर घेऊन चालला होता. ताईनं ते पाहिलं. बोलायला वेळ नव्हता.

वर गेल्यावर ती एवढंच म्हणाली, जरा सरका, याला बघू द्या. धाकट्या पाण्यात गुडघे टेकून बसला. पहिल्यांदा पट्टी निसटली. दुसऱ्यांदाही निसटली. दार खरंच चांगलं होतं. त्याच्या कपाळावरचा घाम नाकावरून गळत होता. सेक्रेटरी त्याच्या डोक्यावर वाकून मोबाइलचा उजेड धरून उभे होते. आतून आता काहीच ऐकू येत नव्हतं. डॉक्टरीणबाई मास्तरांना हाका मारत होत्या, एकसारख्या, आवाज न चढवता. ताई भिंतीला टेकून उभी होती आणि मनातल्या मनात म्हणत होती, उघड रे, उघड. भावानं कुलूप फोडावं म्हणून ती जिवाच्या आकांतानं विनवत होती, काय वेळ आली बघा.

खट् झालं. दार उघडलं.

पुढचं सगळं भराभर झालं. डॉक्टरीणबाई आत धावल्या, त्यांनी मास्तरांचं डोकं मांडीवर घेतलं, जखम दाबून धरली, त्यांचा श्वास पाहिला. कुणीतरी नळ बंद केला. थोड्या वेळानं रुग्णवाहिका आली आणि मास्तरांना स्ट्रेचरवरून खाली नेलं, तेव्हा त्यांचे डोळे उघडे होते. बाईंनी रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांशी बोलून घेतलं आणि त्या परत वर आल्या, बाह्या रक्तानं भरलेल्या. सगळे जिन्याच्या वळणावर तसेच उभे होते. कुणाला घरी जावंसं वाटत नव्हतं.

सेक्रेटरींनी धाकट्याच्या खांद्यावर हात टाकला.

"शाब्बास! अरे, कुठं शिकलास हे?"

"कपाटांच्या कारखान्यात," धाकट्या म्हणाला. "कुलपं बसवायचो."

त्याचे कान लाल झाले. कुणाच्याही ते लक्षात आलं नाही. डॉक्टरीणबाईसुद्धा त्याच्याकडे अशा बघत होत्या, जणू तो आपल्या घरचा मुलगा असावा. लोकांना बरं वाटायला हवं होतं आणि त्यांना बरं वाटत होतं. सेक्रेटरींना तर बोलायला जोर चढला. म्हणाले, गेटवर असा माणूस हवा होता. त्या म्हाताऱ्याला काढलं ते बरंच केलं. आता असं करू, उद्यापासून धाकट्यानं घरोघरी जाऊन सगळ्यांची कुलपं तपासायची, कुणाचं कुठं कच्चं आहे ते सांगायचं. माझ्या घरापासून सुरुवात. सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या मजल्यावरची बाई म्हणाली, आमच्याकडे सकाळीच या, आम्ही दोघं दिवसभर नसतो.

धाकट्यानं ताईकडे पाहिलं. त्या नजरेत भीती होती, विनवणी होती, आणि या दोन्हींपेक्षा वाईट म्हणजे आशा होती. गप्प राहा, ताई. सगळं छान जमून येतंय. ताईला कळलं, आपण आत्ता गप्प बसलो तर कुणीही कधीही विचारणार नाही. भाऊ वाचेल. फळी राहील. आणि उद्या सकाळी प्रत्येक घर आपलं दार त्याच्यासाठी उघडेल, चहा पाजेल, आणि कच्चं कुठं आहे ते दाखवेल.

"त्याला कुलपं दाखवू नका," ताई म्हणाली.

लोक तिच्याकडे वळले. सेक्रेटरी हसून म्हणाले, काय ताई, भावाचं कौतुक सहन होत नाही का?

"तिन्ही घरं त्यानंच उघडली. मला आठवडाभर माहीत आहे. आज मी त्याला गाडीत बसवून देणार होते."

सेक्रेटरींचा हात धाकट्याच्या खांद्यावरच राहिला. काढायचा कसा ते त्यांना समजेना. धाकट्यानंच तो हात हळूच बाजूला केला आणि ओल्या पायरीवर बसला. ताईला वाटलं होतं तो ओरडेल, शिव्या देईल, निदान नाही म्हणेल. त्यानं मान वर करून डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं.

"मास्तर वाचतील ना?"

बाईंच्या ओठांची एक रेघ झाली होती. त्यांनी रक्तानं भरलेल्या बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या. मग म्हणाल्या, "वाचतील."

"मग लावा फोन," तो सेक्रेटरींना म्हणाला. "मी इथंच बसतो."

ताई त्याच्या शेजारी पायरीवर बसली. दोन्ही बाजूंना लोक उभे होते, वर आणि खाली, त्यातले निम्मे तिच्याकडे कधीच नीट बघणार नव्हते आता, आणि तिला त्याचं काही वाटलं नाही. तिनं भावाच्या पाठीवर हात ठेवला. त्याचा सदरा पाण्यानं आणि घामानं चिंब झाला होता. सर्दी होईल तुला, असं ती म्हणाली, आणि मग तिला जे रडू फुटलं, ते सगळ्यांच्या देखत, मोठ्यानं, आवरायचा प्रयत्नही न करता.